विजोड मोज्यांचा दिवस: नुसती गंमत, की काही उपयोग?

खडूफळा
आमच्या शाळेत यंदा विजोड मोज्यांचा दिवस करायचं घाटतंय. एका पायात एक मोजा, दुसऱ्यात भलताच. मुलांनी, शिक्षकांनी, शिपाईमामांनी, सगळ्यांनी. वर्गातली टिंगल, चिडवाचिडवी, एखाद्याला ठरवून एकटं पाडणं यावर बोलायला निमित्त मिळावं हा हेतू. कल्पना उसनी आहे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात दादागिरीविरोधी सप्ताह असतो, त्यात शाळाशाळांतून हा दिवस पाळतात. मला त्यातलं आवडलं ते हे की विकत काही आणावं लागत नाही. वेशभूषा म्हटली की कोणाचा पोशाख भारी नि कोणाचा साधा हे लगेच दिसतं. मोज्यांत ती भानगड नाही. (मोजेच नसले तर, हे कोणीतरी विचारेलच. दोन पायांना दोन रंगांची लोकर बांधायची असं ठरतंय.)

स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, उपदेश ऐकून मुलांचे कान किटलेत, जरा हसतखेळत होऊ दे. दुसरा म्हणतो, गंभीर गोष्टीचा तमाशा नको. मी पहिल्या तटात आहे, पण छातीठोकपणे नाही. इथे पालक आहेत, शिक्षक आहेत, एकदोन समुपदेशकही आहेत. अशा दिवसाने खरंच काही होतं का? आणि करायचाच तर कसा?

तिरकस
होतं की. शाळेच्या पानावरचे फोटो वाढतात.

एक दिवस सगळे रंगीबेरंगी, दुसऱ्या दिवसापासून 'जाड्या', 'चष्मिश', 'काळ्या' पुन्हा चालू. वर 'आम्ही यंदा उपक्रम घेतला' म्हणून अहवालात चार ओळी. म्हणजे पालक तक्रार घेऊन आले की दाखवायला कागद तयार.

हरवलेला मोजा
आमच्या घरी हा दिवस रोज असतो. धुवायला जातात जोडीने, परत येतो एकटा. आता त्याला सामाजिक उपक्रम म्हणता येईल हे कळून बरं वाटलं.

(सॉरी, गंभीर धागा आहे. वाचतोय.)

दूरदेशी
कॅनडात असते मी. इथे फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी गुलाबी शर्टाचा दिवस असतो. त्याची मूळ गोष्ट सांगते, कारण खडूफळा, तुमच्या 'कसा' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तीत आहे.

२००७ चा सप्टेंबर. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका ग्रामीण हायस्कुलात नववीतला एक मुलगा शाळेच्या पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला. काही पोरांनी त्याला घेरलं, नाही नाही ते बोलले, मारायची धमकी दिली. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांच्या कानावर ते गेलं. त्यांनी स्वस्तातल्या दुकानातून ५० गुलाबी शर्ट आणले, मित्रांना निरोप धाडले आणि सकाळी शाळेत वाटून टाकले. ज्यांना मिळाले नाहीत ते घरूनच गुलाबी काहीतरी घालून आले. शेकडो मुलं होती म्हणतात.

त्या नववीतल्या मुलाला या सगळ्यात काहीच करावं लागलं नाही. त्याला कोणी माइकवर बोलावलं नाही, 'तुझा अनुभव सांग' म्हटलं नाही. तो होता तसाच राहिला आणि बाकीची शाळा त्याच्या रंगाची झाली.

तिरकस
गोष्ट चांगली आहे, खरंच. पण तिथे दिवस कोणी ठरवला नव्हता ना. दोन पोरांना राग आला आणि त्यांनी खिशातले पैसे खर्च केले. पहिल्या वर्षी ते बंड होतं. आता त्याचं परिपत्रक झालंय.

दूरदेशी
तिरकस, हे मान्य. माझ्या धाकट्याला त्या दिवशी गुलाबी का घालतात ते धड सांगता येत नाही. 'शाळेतून निरोप आलाय' एवढंच. आणि त्या निमित्ताने शर्ट विकणारेही पुष्कळ उगवलेत. शाळेनुसार फरक पडतो. मोठीच्या शाळेत आदल्या आठवड्यापासून वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गांत जाऊन बोलतात, तिथे मुलांना सगळं ठाऊक असतं.

मधलीसुट्टी
मी पालकांच्या बाजूने लिहिते, आणि कदाचित आवडणार नाही असं.

माझा मुलगा दोन वर्षं वर्गात टार्गेट होता. त्याला 'वेगळं असणं साजरं करूया' वगैरे ऐकलं की पोटात गोळा येतो. त्याला वेगळं दिसायचंच नाहीये हो! एखादा दिवस तरी कोणाच्या डोळ्यांवर न येता जावा एवढंच त्याला हवं असतं. त्यात विजोड मोजे घालून आलो आणि कोणी म्हटलं 'तू तर रोजच असा दिसतोस', तर तो दिवसही गेला.

त्याच्या आधीच्या शाळेत (नाव घेत नाही) प्रेमळपणाचा आठवडा झाला होता. मुलांनी एकमेकांच्या पाठीवर चांगल्या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. काहींच्या पाठी भरल्या. याच्या पाठीवर एकच होती, बाईंच्या अक्षरातली. आणि 'सर्वांत दयाळू विद्यार्थी' हा बिल्ला ज्याला मिळाला, तोच याचा डबा लपवायचा. मोठ्यांसमोर गोड वागायला अशा मुलांना चांगलं जमतं.

आणखी एक. काही मुलांना मोज्याची शिवण टोचली तरी दिवसभर सहन होत नाही. स्वमग्न मुलांच्या आईबापांना मी काय म्हणतेय ते कळेल. 'सगळ्यांनी घालायचेच' असं करू नका. न घालणाऱ्याला 'का नाही घातले?' असं विचारायचंही नाही.

खडूफळा
मधलीसुट्टी, आवडणार नाही असं काही नाही यात. चिठ्ठ्यांचा प्रकार आमच्याही यादीत होता. खोडला.

पानगळ
दूरदेशी यांच्या गोष्टीला जोडून. २००८ च्या नोव्हेंबरात, कॅनडातच, फेसबुकवरच्या एका गटाने लाल केसांच्या मुलांना लाथा मारायचा दिवस जाहीर केला होता. एका कार्टून मालिकेतल्या विनोदावरून सुचलेली टवाळी. पण काही शाळांत मुलांनी खरंच लाथा खाल्ल्या, पोलीस चौकशीपर्यंत गेलं. जगात लाल केसांची माणसं शंभरात एकदोन. एमसी१आर नावाच्या जनुकातल्या बदलामुळे केस तसे होतात, त्यात त्या पोराचं कर्तृत्व नाही की गुन्हा नाही.

त्याला उत्तर म्हणून डेरेक फॉर्गी या माणसाने लगेच २००९ च्या १२ जानेवारीला लाल केसवाल्यांचा पापा घ्यायचा दिवस काढला. हेतू शंभर टक्के चांगला, चेष्टेला चेष्टेनेच उत्तर. तरी मला तो खटकतो. लाथेच्या जागी पापा आला, पण गर्दी पुन्हा त्याच पोराभोवती जमली. त्याला विचारलं कोणी? गुलाबी शर्टाच्या गोष्टीत गर्दीने स्वतःला काहीतरी करून घेतलं. इथे गर्दी त्याला काहीतरी करते. दिसायला दोन्ही प्रेमळच.

नेदरलँड्समध्ये २००५ पासून लाल केसवाल्यांचा मेळावा भरतो, तो मला जास्त पटतो. ती माणसं आपणहून जमतात आणि तेवढ्यापुरती तीच बहुसंख्य असतात.

हरवलेला मोजा
पानगळ, +१. वर्गात 'आज सगळ्यांनी अमक्याला मिठी मारा' हा प्रकार मी लहानपणी पाहिलाय. त्या अमक्याचा चेहरा बघवत नव्हता.

पंचांगवाले
तारखांचं बघत असाल तर: १३ नोव्हेंबर जागतिक दयाळूपणा दिवस, १९९८ पासून. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार हा युनेस्कोचा शाळेतली हिंसा आणि बुलिंग (म्हणजे हीच दादागिरी) यांविरुद्धचा दिवस, ऑनलाइन छळही त्यात धरलाय, २०२० पासून. न्यूझीलंडमध्ये गुलाबी शर्ट मे महिन्यात. हवा तो घ्या.

आणि सावधान, २१ मार्चला वेगळे मोजे घालतात ते डाउन सिंड्रोमच्या दिवसासाठी. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात म्हणून २१/३. गुणसूत्रं मोज्यांसारखी दिसतात, म्हणून मोजे. माझी पुतणी तो दिवस आवर्जून पाळते. दोन्हींची खिचडी करू नका, मुलांना फरक सांगा.

ऐकणारी
शाळेत समुपदेशक आहे. धागा कालपासून वाचतेय, आता सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट साफ करू. मुलांमधलं प्रत्येक भांडण म्हणजे बुलिंग नाही. या विषयाचा पाया घालणारे नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असलेलं. ताकद अंगातलीच असते असं नाही. कोणाच्या मागे किती पोरं आहेत हीही ताकदच. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्या छळातून झाल्या असाव्यात असं पुढे आलं आणि १९८३ मध्ये तिथे देशभर मोहीम निघाली. तेव्हापासून शाळेने करायच्या उपायांवर भरपूर काम झालंय.

म्हणूनच दोघांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा, मित्र व्हा' हे भांडणात चालतं, बुलिंगमध्ये घातक ठरतं. ज्याची ताकद कमी तो तुमच्यासमोर हो म्हणतो आणि मधल्या सुट्टीत त्याची किंमत मोजतो. मोज्यांच्या दिवशी असे 'समेट' घडवून आणायचा मोह शिक्षकांना होतो. नको.

आता दिवसाचा उपयोग. त्रास देणाऱ्याला मोजे बघून उपरती होईल ही आशा सोडा. त्रास सोसणाऱ्यालाही त्या दिवशी फार काही मिळत नाही, मधलीसुट्टी यांनी लिहिलंच आहे. दिवस असतो तो बघ्यांसाठी. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वर्गात फक्त दोन पात्रं नसतात. हाताखालचे असतात, हसून हवा देणारे असतात, बाजू घेणारे असतात आणि 'मला काय त्याचं' म्हणून खिडकीबाहेर बघणारे असतात. फिनलंडचा किवा नावाचा शालेय कार्यक्रम यावरच उभा आहे: हसणाऱ्यांचं हसू काढून घ्या, करमणुकीचा खेळ ओसरतो.

कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर माइक लावून हे पाहिलंय, अभ्यास २००१ चा. दहांतल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला मुलं होती. मध्ये पडली ती दहांतल्या दोनेक प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार १० सेकंदांत थांबला. दहा सेकंद! त्या मुलांना बहुतेक वेळा फक्त शब्द सुचायला हवे असतात. दिवस साजरा करायचा तर तेवढ्यासाठी करा.

तिरकस
ऐकणारी, हे पटण्यासारखं आहे. पण 'मध्ये पडा' म्हणून पाचवीतल्या पोराला पुढे ढकलायचं आणि पुढचा नंबर त्याचा लागला तर?

ऐकणारी
योग्य शंका. म्हणून हिरोगिरी शिकवायची नाही. लहान गोष्टी शिकवायच्या: हसायचं नाही. विषय बदलायचा. 'चल, सर बोलावतायत' म्हणून त्याला तिथून घेऊन जायचं. नंतर त्याच्या शेजारी बसायचं. मोठ्या माणसाला सांगायचं. यातल्या बऱ्याचशा गोष्टींसाठी त्रास देणाऱ्याच्या वाटेला जावंच लागत नाही. पाच मिनिटांच्या नाटुकल्यांत या चांगल्या बसतात, मुलं हसतही भरपूर. फक्त नाटुकल्यात त्रास सोसणाऱ्याचं काम शिक्षकाने करावं, मुलाने नाही.

शेंडेफळ
मी अकरावीत आहे, आईच्या आयडीवरून नाही, माझाच आयडी आहे :) सगळे मोठे बोलतायत म्हणून लिहितो.

आमच्याकडे असा दिवस झालाय. पोस्टर बाईंनी केली होती, घोषणा बाईंनी लिहिल्या होत्या, शपथ सरांनी दिली. आम्ही उभे होतो. ज्या मुलाकडे बघून वर्ग हसायचं की नाही ते ठरवतो, तो मागे मोबाइल बघत होता. तो त्या दिवशी काय करतो यावर सगळं आहे. तुमचे स्कॉलर मॉनिटर घेऊन काही होणार नाही, त्यांचं तसंही कोणी ऐकत नाही (मी मॉनिटर होतो).

आणि काकालोक, तुम्ही 'मधली सुट्टी, मैदान' म्हणताय, अर्धं तर ग्रुपवर होतं. एकाला सोडून ग्रुप काढायचा, त्याच्या फोटोचं स्टिकर करायचं. मारामारी नाही, शिवी नाही, तक्रार काय करणार? 'मॅडम, याने स्टिकर पाठवलं' हे बोलतानाच आपण येडे वाटतो.

ऐकणारी
शेंडेफळ, तू जे लिहिलंस ते मोठ्या अभ्यासात सिद्ध झालंय, खरंच. न्यू जर्सीतल्या ५६ शाळांमध्ये २०१२-१३ साली एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला, २०१६ मध्ये छापून आला. आधी सगळ्या मुलांना विचारलं, तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवता? त्यातून कोणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते कळलं. निम्म्या शाळांत मुलांचा एक छोटा गट निवडला. त्यात शहाणी, खोडकर, सगळ्या तऱ्हेची होती. पोस्टर, घोषणा, काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. चांगलं वागताना कोणी दिसलं की त्याला नारिंगी मनगटपट्टी द्यायची. एक मजेचा दिवसही त्यात होता, पण तो वर्षभराच्या कामातला एक भाग. त्या शाळांत भांडणांच्या नोंदी साधारण ३० टक्क्यांनी घटल्या, आणि गटात वजनदार मुलं जास्त होती तिथे परिणामही जास्त.

एरवी बुलिंग रोखायच्या शालेय कार्यक्रमांची सरासरी पाहिली, तर बुलिंगमधली घट यापेक्षा कमी दिसते. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात ती २० टक्क्यांच्या आसपास होती. जादू नाही, पण शेकडो मुलांच्या शाळेत ही घट थोडी नसते.

खडूफळा
शेंडेफळ, भारी. म्हणजे आठवीतल्या ज्या तिघांना मी या कार्यक्रमापासून लांब ठेवणार होते, त्यांनाच आधी बोलवायला हवं. मुख्याध्यापक काय म्हणतील ते बघू.

तिरकस
एक विचारतो, राग मानू नका. वर्गातली टोपणनावं बरीचशी जन्मतात कुठे? हजेरी घेताना. 'या, कुंभकर्ण', 'उभी राहा गं बटाटा'. सर विनोद करतात, वर्ग हसतो आणि पोराला दहावीपर्यंत तेच नाव. मोजे घालून तेच सर उभे राहिले तर मुलांना काय कळायचं? या दिवसात शिक्षकांसाठी काय आहे?

मधलीसुट्टी
टाळ्या. आमच्या प्रकरणाची सुरुवात अशीच होती, त्याहून जास्त लिहीत नाही.

खडूफळा
राग कसला. स्टाफरूममध्ये हे काढलं की 'अहो, प्रेमाने म्हणतो' हे उत्तर ठरलेलं आहे. तरी मांडणार. दिवसाच्या आधी शिक्षकांची बैठक आहे, त्यात एकच नियम मागायचा विचार आहे: पटावरचं नाव, किंवा मूल स्वतः सांगेल ते. तिसरं नाही. दोन सहकारी मला आयुष्यभर माफ करणार नाहीत.

फोटोंबद्दल मात्र मी ठाम आहे. फोटो फक्त पायांचे. चेहरा एकाचाही नाही.

ऐकणारी
पायांचे फोटो, वा! आता त्या दिवशी करण्याजोगी एक गोष्ट सुचवते, गंमतही आहे आणि हाती काही लागतंही. प्रत्येक मुलाला शाळेचा साधा नकाशा द्या: वर्ग, जिना, स्वच्छतागृह, मैदान, फाटक, बस. जिथे छान वाटतं तिथे हिरवा रंग, जिथे नकोसं वाटतं तिथे लाल. नाव लिहायचं नाही. मुलं रंगवायला बसली की शांतपणे सगळं सांगून टाकतात. सगळे नकाशे शेजारी लावले की लाल डाग कुठे जमतात ते लख्ख दिसतं. बहुधा ज्या जागी मोठं माणूस नसतं तिथेच. मग मधल्या सुट्टीत कोणी कुठे उभं राहायचं याचं वेळापत्रक त्यावरून करा. महिन्याने पुन्हा तोच नकाशा द्या.

तक्रारपेटी ठेवणार असाल तर ऑफिसच्या दारात ठेवू नका. सगळ्यांदेखत तिथे चिठ्ठी टाकायला कोण जाईल?

शेंडेफळ
नकाशात ग्रुपसाठी पण एक चौकोन ठेवा. मोबाइल असं लिहून. तो सगळ्यात लाल येईल बघा.

खडूफळा
ठेवते. मग तारीख नोव्हेंबरचा पहिला गुरुवार. आधीच्या आठवड्यात आठवीची मुलं पाचवी-सहावीत जाऊन बोलतील, बैठकीत हजेरीचा नियम, त्या दिवशी मोजे (ऐच्छिक), नाटुकली, नकाशे. भाषण नाही, शपथ नाही, बक्षीस नाही. शपथ गाळल्याबद्दल उपमुख्याध्यापिका नाराज आहेत, पण ते मी निभावेन.

तिरकस
महिन्यानंतरच्या नकाशांचं काय झालं ते इथे लिहा. दिवस कसा झाला ते नाही लिहिलंत तरी चालेल.

पाटीवाली
उशिरा आले. सगळे प्रतिसाद वाचले. मुलगी सहावीत आहे. घरी विचारलं तर 'काही नाही' एवढंच उत्तर येतं. शाळेत असा दिवस नाहीये, होईल असं वाटतही नाही. आपण घरून काय विचारावं?

ऐकणारी
'कोणी त्रास देतं का?' असं थेट विचारलं की 'नाही' हेच उत्तर येतं, कारण 'हो' म्हटलं की आई शाळेत येणार ही भीती असते. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत कुठे होतीस, बसमध्ये शेजारी कोण होतं, खेळात कोणाच्या संघात होतीस, हे विचारा. रोज नको, चौकशी वाटते. एकाच जागेचं नाव टाळलं जातंय का, एकाच मैत्रिणीचं नाव अचानक बंद झालंय का, इकडे लक्ष ठेवा. 'तुमच्या वर्गात एकटं कोण बसतं?' हेही विचारून बघा. दुसऱ्याविषयी मुलं मोकळेपणाने बोलतात. आणि तिने काही सांगितलं, तर पुढचं पाऊल तिला विचारून टाका, तिच्या नकळत वर्गशिक्षिकेला फोन करू नका. अंगावर खुणा दिसल्या, धमक्या आल्या किंवा ती जिवाचं काही बरंवाईट बोलली, तर मात्र थांबू नका. तिला सांगून त्याच दिवशी शाळा गाठा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकांना भेटा.

पाटीवाली
मैत्रिणीचं नाव बंद झालंय खरं. आज संध्याकाळी बसचं विचारते.